धनुर्विद्या (आणि शिकारीचं स्वप्न): नवख्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेंजवर नवीन माणूस आला की पहिल्या पंधरा मिनिटांत जे प्रश्न येतात ते ठरलेले आहेत, क्रम तेवढा बदलतो. ते सगळे इथे एकत्र लिहून ठेवलेत. काही उत्तरं लांबलीत कारण तिथे लोक खरोखर पैसे आणि खांदे दोन्ही वाया घालवतात, काही दोन ओळींत संपलीत कारण त्यात सांगण्यासारखं फार नाहीच.

मला धनुष्याने शिकार शिकायची आहे. सुरुवात कुठून करू?

भारतात राहत असाल तर कुठूनच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि ती फक्त बंदुकीने बंद आहे, धनुष्याने चालते असला काही प्रकार नाही. लोकांना वाटतं वाघ-बिबट्याचीच बंदी असेल, ससा मारला तर कोण विचारतंय, पण ससा, रानडुक्कर, नीलगाय हे सगळे कायद्याच्या परिशिष्टांत आहेत. आणि कायद्यातली शिकारीची व्याख्या वाचाल तर त्यात नुसतं मारणंच नाही, तर पकडणं, सापळा लावणं, हाकून आणणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं हेसुद्धा धरलंय. म्हणजे बाण चुकला तरी केस होते. पहिल्या परिशिष्टातला प्राणी असेल तर तीन ते सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड कमीत कमी २५ हजार, वर धनुष्य जप्त, गाडी जप्त. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून इकडे सह्याद्रीत ट्राय करायला निघणारे महाभाग भेटतात म्हणून हे सगळ्यात वर लिहिलंय.

पण रानडुकरं आमचं शेत उद्ध्वस्त करतात, त्यांचं काय?

त्रास खरा आहे, कोकणात विचारा, विदर्भात विचारा, एका रात्रीत भुईमुगाचं रान नांगरल्यासारखं करून जातात. कायद्यात त्यासाठी वाट आहे, उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. पण ती परवानगी त्या ठिकाणापुरती आणि त्या अटींवर असते, छंद म्हणून नाही. नुकसान झालं की आधी वनरक्षकाकडे पंचनाम्याचा अर्ज टाका, भरपाई मिळायची असेल तर तीही त्याच वाटेने मिळते. आणि हेही स्पष्ट सांगतो, नवख्याच्या हातातल्या २५ पाउंडाच्या धनुष्याने (पाउंड म्हणजे ते ओढायला लागणारा जोर) रानडुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुकरासमोर तुम्ही काठी घेऊन उभे आहात असं समजा.

मी अमेरिकेत असतो. इथे तर चालतं ना?

चालतं, रीतसर चालतं आणि खूप लोक करतात. न्यू जर्सी, टेक्सास, मिशिगन इकडची बरीच मराठी मंडळी ऑफिसातल्या कुणाच्या तरी नादाने याकडे वळतात. पण तिथेही "धनुष्य घेतलं आणि रानात गेलो" असं नसतं. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. जवळपास सगळीकडे आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, काही राज्यांत धनुष्याचा कोर्स वेगळा असतो, मग लायसन्स, मग त्या प्राण्याचा टॅग (तो मारायची परवानगी-चिठ्ठी), मग सीझन. हरणांचा धनुष्याचा सीझन साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, बंदुकवाल्यांच्या आधी. बऱ्याच राज्यांत धनुष्य ओढायचं किमान वजन ठरलेलं असतं, बहुतेक ३५-४० पाउंडाच्या आसपास. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते, आणि ती तोंडी नको, लेखी घ्या.

आता मुख्य गोष्ट. टार्गेटवर सहा बाणांपैकी पाच चांगले लागले तर आपण खूश असतो. शिकारीत पहिलाच बाण मोजायचा, तोही थंडीत तासन्‌तास बसून आखडलेल्या खांद्याने, जाकीट घातलेलं असताना, झाडावरून खाली तिरपा. बाण गोळीसारखं काम करत नाही, तो ब्रॉडहेडच्या (शिकारीच्या बाणाचं धारदार टोक) पात्याने कापतो आणि रक्तस्रावाने प्राणी मरतो, म्हणून तो फुप्फुसं-हृदयाच्या भागातच जायला हवा, प्राणी आडवा उभा असताना. समोरून किंवा चालत्या हरणावर सोडायचा नाही. तिथले जाणते लोक नवख्याला २० यार्डांच्या पुढे जाऊच देत नाहीत, तुमचे बाण ४० वर एकाच जागी लागत असले तरी. बाण लागल्यावरही लगेच हरणाच्या मागे पळायचं नसतं, अर्धा तास तरी थांबायचं, नाहीतर जखमी हरीण घाबरून मैलभर जातं आणि सापडतच नाही. आणि जायबंदी होणाऱ्या माणसांत बाण लागलेल्यांपेक्षा ट्री स्टँडवरून (झाडाला बांधलेलं मचाण) पडलेलेच जास्त, त्यामुळे हार्नेस पहिल्या पायरीपासून अंगावर असू द्या, वर पोचल्यावर बांधतो म्हणणारेच चढता-उतरताना पडतात.

एक गोष्ट मला आवडते तिथली. धनुष्यावर आणि त्याच्या बऱ्याचशा सामानावर ११ टक्के केंद्रीय कर असतो आणि तो पैसा वन्यजीव आणि अधिवास राखण्याकडे जातो. १९३७ चा कायदा आहे, आधी बंदुका-काडतुसांवर होता, १९७२ मध्ये धनुष्याचं सामान त्यात आलं. नेमकं त्याच वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला.

इंग्लंडमध्ये असाल तर विषय संपला, तिथे धनुष्याने शिकार बेकायदेशीर आहे.

बरं, शिकार नाही तर नाही, पण ती जंगलातली मजा मिळेल असं काही आहे का?

थ्रीडी आर्चरी बघा. फोमचे खऱ्या मापाचे प्राणी झाडीत उभे केलेले असतात, अंतर सांगितलेलं नसतं, आपणच डोळ्याने अंदाज घ्यायचा, चढावर-उतारावर उभं राहून मारायचं. याच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होतात. आपल्याकडे ठरावीक ठिकाणीच मिळतं, पण दोन-तीन वर्षं टार्गेट केलेला माणूस त्यात पटकन रुळतो. उलटं सहसा होत नाही.

वयाची अट काय?

सात-आठ वर्षांचं पोर हलक्या धनुष्याने सुरू करू शकतं, त्याच्या आधी लक्ष टिकत नाही. वरची मर्यादा नाही. साठीतले काका आमच्याकडे येतात, त्यांची शिस्त पोरांपेक्षा चांगली असते कारण त्यांना घाई नसते. खांद्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

इंडियन, रिकर्व्ह, कंपाउंड... नक्की कशात जाऊ?

हा खरा प्रश्न. नीट सांगतो.

इंडियन बो म्हणजे बांबू-लाकडाचं साधं धनुष्य, साइट (नेम धरायचं साधन) नाही, स्टॅबिलायझर (तोल राखणारी दांडी) नाही. आपल्या देशापुरता प्रकार आहे, ३० आणि ५० मीटरवर खेळतात. स्वस्त, गावातल्या शाळेला परवडणारं, आणि शिकवायला भारी, कारण लपायला जागाच नाही, हात हलला की बाण सांगतो. महाराष्ट्रातले कितीतरी मोठे खेळाडू इथूनच पुढे गेले. तोटा एवढाच की आंतरराष्ट्रीय पातळीवर हा प्रकार नाही, म्हणजे कधीतरी बदलावंच लागतं.

रिकर्व्ह म्हणजे ऑलिंपिकमध्ये दिसतं ते, टोकं पुढे वळलेली. ७० मीटरवरून १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटवर मारायचं, त्यातलं दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं. बोटांनी स्ट्रिंग म्हणजे धनुष्याची दोरी सोडायची, सगळं वजन शेवटपर्यंत तुमच्या पाठीवर. शिकायला सगळ्यात अवघड आणि वेळखाऊ.

कंपाउंडला टोकांवर कॅम असतात म्हणजे चाकं, त्यामुळे पूर्ण ओढल्यावर वजन ६५ ते ८० टक्के उतरतं. ६० पाउंडाचं धनुष्य धरून ठेवताना पंधरा-वीस पाउंडच जाणवतं. बोटांऐवजी रिलीज नावाचं छोटं यंत्र, साइटला भिंग, स्ट्रिंगमध्ये डोळ्यासमोर पीप म्हणजे बघायचं छिद्र. ५० मीटरवर खेळतात. रिझल्ट लवकर येतात, पण लवकर येतात म्हणून सोपं असं समजू नका, वरच्या पातळीवर एक नऊ लागला की मॅच गेली. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने फायनलला १५० पैकी १५० मारले आणि समोरच्याचे १४९ होते! त्याच दिवशी साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी महिलांची कंपाउंड जगज्जेती झाली. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांकडे, उसाच्या रानाशेजारच्या रेंजवर घडलेले. बुलढाण्याचा प्रथमेश जावकरही कंपाउंडवालाच.

आता ऑलिंपिकचं. आत्तापर्यंत तिथे फक्त रिकर्व्ह होतं म्हणून पालक पोराला रिकर्व्हलाच ढकलायचे. २०२८ च्या लॉस एंजेलिसला कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आलीय, त्यामुळे ते गणितही बदललं.

माझं मत विचाराल तर मुलांनी इंडियनवर किमान एक वर्ष काढावं. मोठ्या माणसाला फक्त छंद करायचाय तर साधं लाकडी रिकर्व्ह. कंपाउंड थेट पहिलं घेऊ नका, माप आणि सेटिंग तुमच्या शरीराला बसवून घ्यावं लागतं आणि पहिल्या वर्षात तुमचं शरीरच बदलत असतं.

शिकायचं कुठे?

तुमच्या जिल्ह्याच्या धनुर्विद्या संघटनेला किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा, तिथे चालू केंद्रांची माहिती मिळते. पुणे, सातारा, नागपूर, अमरावती, बुलढाणा इकडे चांगलं वातावरण आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ जुनं आहे. शासनाची क्रीडा प्रबोधिनीही आहे, निवासी, तिथे निवड चाचणी होते. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव प्रबोधिनीतूनच पुढे आला, मग आर्मीत गेला आणि टोकियो ऑलिंपिक खेळला. घरची परिस्थिती अगदी बेताची असताना.

केंद्र बघायला जाल तेव्हा ट्रॉफ्या बघू नका. नवीन मुलं किती मीटरवर उभी आहेत ते बघा. पहिल्याच आठवड्यात ३० मीटरवर उभी केली असतील तर निघा तिथून. बट्रेसच्या (टार्गेटचा कागद लावतात तो जाड फळा) मागे काय आहे तेही बघा, मातीचा बांध किंवा जाळी हवी, पायवाट नको.

खर्च किती येतो?

अंदाजे सांगतो, भाव बदलत राहतात. इंडियन बो आणि बाण मिळून काही हजारांत होतं. नवख्यांसाठीचं लाकडी टेक-डाउन (सुटं करता येणारं) रिकर्व्ह, बाण, फिंगर टॅब (बोटांना लावायचं संरक्षण), आर्मगार्ड (हाताला बांधायचं संरक्षण) धरून दहा-पंधरा हजारांपासून पुढे. स्पर्धेचं रिकर्व्ह किंवा कंपाउंड म्हणजे थेट लाखांत, दोन-तीन लाख सहज. बाण संपतात, वाकतात, हरवतात, तो खर्च चालूच.

म्हणून पहिले काही महिने काहीच विकत घेऊ नका. क्लबचं वापरा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं लोक पहिल्या रविवारी येतात आणि दुसऱ्या रविवारी चाळीस पाउंडाचं ऑनलाइन मागवलेलं धनुष्य घेऊन येतात, ते ना मापाचं असतं ना ओढवतं, आणि मग ते विकायला ग्रुपवर टाकतात. स्वतःचं घ्यायचंच तर आधी फिंगर टॅब आणि आर्मगार्ड घ्या, ते आपल्या हाताच्या मापाचं असावं आणि दुसऱ्याचा घामट टॅब कशाला वापरायचा.

किती पाउंडाचं धनुष्य घेऊ? मी जिमला जातो.

जिमला जाणारेच यात फसतात. बेंच प्रेसचे स्नायू वेगळे, धनुष्य ओढायचे वेगळे. इथे काम पाठीचं आहे, दोन खांदेफळकांच्या मधल्या भागाचं.

मुलांना १४ ते १८ पाउंड, बायकांना साधारण १८ ते २२, पुरुषांना २० ते २६, यापुढे सुरुवातीला जायचं नाही. हिशोब करून बघा. दिवसाला ६० बाण मारले आणि धनुष्य २४ पाउंडाचं असेल तर एकूण १४४० पाउंड ओढले, म्हणजे साडेसहाशे किलो. हेच धनुष्य ४० पाउंडाचं असेल तर हजार किलोच्या वर. तेही प्रत्येक वेळी ओढून काही सेकंद स्थिर धरून. ते वजन पाठ घेत नसेल तर खांद्याचा पुढचा भाग घेतो, आणि तो दुखावला की महिना-दोन महिने बसून काढावे लागतात.

चाचणी सोपी आहे. बाण लावून, टार्गेटसमोर, पूर्ण ओढा आणि दहा सेकंद धरा. थरथरलात तर वजन जास्त आहे. ओढताना धनुष्य आभाळाकडे न्यावं लागत असेल तरी जास्तच आहे.

आणखी एक, धनुष्यावर लिहिलेलं वजन २८ इंच ओढल्यावरचं असतं. तुमची ओढ ३० इंच असेल तर दर इंचाला अंदाजे दोन पाउंड वाढतात. म्हणजे २६ चं तुमच्या हातात ३० होतं. दुकानदार हे सांगतोच असं नाही.

ड्रॉ लेंथ म्हणजे काय, ती कशी मोजायची?

म्हणजे तुम्ही किती लांब ओढता ते. दोन्ही हात आडवे पसरा, न ताणता, मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंचात मापा आणि अडीचने भागा. ७० इंच आले तर २८. हा अंदाज आहे, खरी लांबी फॉर्म बसल्यावरच कळते.

मी उजवा आहे पण डावा डोळा बंद होत नाही, काय करू?

आधी तुमचा कुठला डोळा जोरकस आहे ते बघा. दोन्ही हात पुढे करून पंजांमध्ये छोटी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबचा एखादा खांब बघा, आता आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खांब दिसत राहतो तो तुमचा डोळा. उजवा हात आणि उजवा डोळा असेल तर काही प्रश्न नाही. उलटसुलट असेल तर नवख्याने डोळ्याप्रमाणे जावं असं बहुतेक कोच म्हणतात, म्हणजे डावं धनुष्य. चार दिवस विचित्र वाटतं, नंतर काही वाटत नाही. अगदीच नको असेल तर चष्म्याच्या एका काचेवर टेप लावून लोक भागवतात.

बाण कुठले घेऊ? स्पाइन, स्पाइन म्हणतात ते काय?

बाण सुटताना सरळ जात नाही, तो माशासारखा वळवळत जातो. किती वळवळायचं हे त्याच्या कडकपणावर ठरतं, तो कडकपणा म्हणजे स्पाइन. २८ इंचांवर आधार देऊन मध्ये १.९४ पाउंडाचं वजन टांगलं की बाण किती वाकतो, ते इंचाच्या हजारांशात लिहितात. म्हणून १००० चा बाण मऊ आणि ५०० चा कडक, आकडा मोठा तेवढा बाण लवचिक. हलक्या धनुष्याला कडक बाण लावला तर उजव्या माणसाचे बाण डावीकडे जातात, फार मऊ असेल तर उजवीकडे.

सुरुवातीला अ‍ॅल्युमिनियमचे बाण बरे, आणि मापापेक्षा दोन इंच लांब. आखूड बाण कधीही नको, तो ओढताना रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकवायची जागा) मागे येऊन हातात घुसू शकतो. कार्बन घेतले तर प्रत्येक राउंडनंतर तपासा. दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवा, पिळा, कानाशी नेऊन ऐका, कुठे कट्‌ असा आवाज आला किंवा बोटाला रेषा लागली तर तो बाण मोडून टाका, बाजूला ठेवू नका कारण कुणीतरी तो उचलतोच. फुटका कार्बन सुटताना तुकडे होऊन हातात शिरतो, ते कुसळ काढायला सर्जनच लागतो.

पहिल्या महिन्यात काय शिकवतात? कंटाळा येतो म्हणे.

येतो. पहिले काही दिवस धनुष्यच नसतं, रबर बँड ओढायचा. मग धनुष्य येतं तेव्हा पाच मीटरवर, समोर कोरं बट्रेस, कागद नाही. कागद लावला की माणूस मध्यभागाच्या नादी लागतो आणि हात विसरतो.

शिकायचं काय, तर पाय खांद्याएवढे फाकवून, वजन दोन्ही पायांवर. धनुष्य मुठीत आवळायचं नाही, अंगठ्याच्या गादीवर टेकवायचं आणि बोटं सैल, म्हणूनच स्लिंग (धनुष्य हाताला अडकवायची दोरी) बांधतात, नाहीतर बाण सुटल्यावर धनुष्य हातातून पडेल अशी भीती वाटते आणि मूठ आवळली जाते. तीन बोटं स्ट्रिंगवर, एक बाणाच्या वर, दोन खाली, पहिल्या पेरात खोल. ओढून हात हनुवटीखाली टेकवायचा, स्ट्रिंग नाकाच्या टोकाला आणि हनुवटीला लागली पाहिजे, याला अँकर म्हणतात. दर वेळी तीच जागा, मिलिमीटरचा फरक नको. मग सोडायचं म्हणजे बोटं उघडायची नाहीत, नुसतं धरणं थांबवायचं, हात आपोआप मानेच्या बाजूने मागे जातो. हे वाक्य कोच रोज म्हणतात आणि पहिले तीन महिने कुणालाही कळत नाही.

स्ट्रिंग हाताला लागते, निळं-जांभळं झालंय.

सगळ्यांना होतं. कारण बहुतेक वेळा एकच, धनुष्याच्या हाताचा कोपर आत वळलेला असतो. हात समोर धरा आणि पंजा न हलवता कोपर बाहेर फिरवा, कोपराच्या आतली घडी उभी दिसली पाहिजे. जमेपर्यंत लांब आर्मगार्ड घाला. सैल बाह्यांचा शर्ट, गळ्यातली चेन, ओढणी, मंगळसूत्र, मोठे कानातले, मोकळे केस, हे सगळं स्ट्रिंगमध्ये अडकतं, आधीच आवरून या.

गच्चीवर प्रॅक्टिस केली तर?

नको. खरंच नको. २५ पाउंडाचं धनुष्यसुद्धा बाण शंभर मीटरच्या पुढे फेकतं आणि सोसायटीच्या गच्चीवरून शंभर मीटरवर काय काय आहे ते तुम्हीच बघा. घरी रबर बँड ओढा, आरशासमोर अँकर बघा, बिनबाणाचं धनुष्य ओढून धरा आणि सावकाश परत आणा. परत आणा म्हणतोय, सोडू नका! बिनबाणाची स्ट्रिंग सोडली तर जी ताकद बाणात जायची ती सगळी लिंबमध्ये (धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भुजा) परत जाते, लिंब तडकतात, कंपाउंडचे तर कॅम वाकतात आणि स्ट्रिंग तुटून तोंडावर येते. पाहुण्यांच्या हातात धनुष्य देताना हे आधी सांगायचं, कारण प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा तेच करतो.

रेंजवरच्या शिट्ट्यांचा अर्थ काय?

दोन शिट्ट्या, लाइनवर या. एक, मारायला सुरुवात. तीन, सगळ्यांचं झालं, बाण वेचायला चला. पाच किंवा जास्त म्हणजे धोका, जिथे आहात तिथे थांबा, ओढलेलं असेल तर न सोडता खाली घ्या. शिट्टीशिवाय लाइन ओलांडायची नाही, बाण फूटभर अंतरावर पडला असला तरी.

वेचायला चालत जा, पळू नका. बट्रेसमधून बाहेर आलेले बाण डोळ्यांच्या उंचीवर असतात आणि मागची नॉक (स्ट्रिंगवर बसणारं टोक) दुरून दिसत नाही, पोरं पळत जाऊन त्यावरच आदळतात. काढताना बाजूला उभे राहा, मागे कुणी नाही ना बघा, एक पंजा कागदावर सपाट दाबा आणि दुसऱ्या हाताने बाण अगदी मुळाशी धरून सरळ मागे ओढा. पिसाकडून धरून हलवत काढला तर वाकलाच म्हणून समजा.

सगळे बाण एकाच ठिकाणी पण डावीकडे लागतात.

मग तुम्ही चांगलं मारताय. बाण ज्या बाजूला जातात साइट त्याच बाजूला सरकवायची, डावीकडे गेले तर डावीकडे, वर गेले तर वर. काळजी तेव्हा करा जेव्हा सहा बाण सहा गावांना जातात. तेव्हा साइटला हात लावायचा नाही, पाच मीटर पुढे या.

पावसाळ्यात काय करायचं?

जून ते सप्टेंबर बहुतेक ठिकाणी रेंजवर चिखल असतो. शेड असेल तर १८ मीटर इनडोअर मारा. लाकडी आणि बांबूचं धनुष्य ओलं राहिलं तर पिळवटतं, कोरडं करून, स्ट्रिंग उतरवून, आडवं ठेवा. उन्हात गाडीच्या काचेमागे तर कुठलंच धनुष्य ठेवू नका.

स्पर्धा कशी असते?

आधी रँकिंग राउंड, ७२ बाण, ७२० पैकी. त्यावरून जोड्या लागतात. रिकर्व्हमध्ये सेट असतात, तीन बाणांचा सेट, जिंकला तर दोन गुण, बरोबरी एकेक, सहा गुण आधी गाठेल तो जिंकला. बरोबरी राहिली तर एकेक बाण, मध्याच्या जवळ कुणाचा. कंपाउंडमध्ये सेट नाहीत, १५ बाणांची सरळ बेरीज. नवख्यांनी शालेय किंवा जिल्हा स्पर्धेला एकदा उतरावं, हरायलाच. घड्याळ चालू असताना बाण लावणं म्हणजे काय ते तिथेच कळतं.

दिव्यांगांना जमतं का?

या खेळात तर उत्तम जमतं. व्हीलचेअरवरून खेळणारे आहेत, दातांनी स्ट्रिंग ओढणारे आहेत. शीतल देवी पायाने धनुष्य धरते आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये तिने राकेश कुमारसोबत मिश्र सांघिक कांस्य घेतलं, तिथेच हरविंदर सिंगने रिकर्व्हमध्ये सुवर्ण जिंकलं. फक्त केंद्रात रॅम्प आणि टॉयलेट आहे का तेवढं आधी फोन करून विचारा, खेळापेक्षा अडचण तिथेच येते.

परवाना लागतो का? प्रवासात न्यायचं कसं?

टार्गेटच्या धनुष्याला बंदुकीसारखा परवाना लागत नाही. विमानात केबिनमध्ये चालत नाही, चेक-इन करा, कडक केसमध्ये, बाण नळीत. एसटी-रेल्वेत केसमध्ये बंद करून न्या आणि क्लबचं ओळखपत्र किंवा स्पर्धेचं पत्र सोबत ठेवा, कुणी विचारलं तर पटकन दाखवता येतं. ब्रॉडहेड मात्र आपल्याकडे बाळगायचं कारणच नाही, टार्गेटला त्याचा उपयोग शून्य, बट्रेस फाडतं, आणि जंगलाजवळ तुमच्या बॅगेत सापडलं तर वनरक्षकाला काय सांगणार?

दहावीला मार्क, नोकरीत आरक्षण मिळतं हे खरं का?

मिळतं. पातळीनुसार दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत आणि राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची हवी, प्रमाणपत्राची पडताळणी होते. कुठल्या तरी "नॅशनल" नावाच्या स्पर्धेला हजारो रुपये एंट्री भरून मिळवलेलं प्रमाणपत्र पडताळणीत टिकत नाही, त्यामुळे पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन ती स्पर्धा यादीत आहे का ते बघून या.